पाच मिनिटांच्या लघुपटासाठी प्रॉप की तोदोरोव?

कथनशास्त्र (गोष्टींची रचना कशी होते याचा अभ्यास) शिकून पहिला लघुपट करणाऱ्यांपुढे बहुधा हे दोन आराखडे असतात. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथांतून काढलेली ३१ कार्ये (कथा पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती) आणि नायक, खलनायक यांसारख्या सात भूमिका, किंवा कथन-अभ्यासक त्स्वेतान तोदोरोवचे पाच टप्पे: संतुलन, बिघाड, त्याची जाणीव, सावरण्याची धडपड, नवं संतुलन.

समजा, कथा मालवणजवळच्या देवबागची आहे. रात्री दोर तुटून आजोबांची होडी कर्लीच्या खाडीतून वाहून गेली. प्रॉपचा तक्ता समोर ठेवला की पहिला प्रश्न येतो, खलनायक कोण? मग दोर कुणीतरी कापलेला दाखवायचा, कुणी रिसॉर्टवाला आणायचा, त्याचे संवाद लिहायचे, शूटचा एक दिवस वाढवायचा. खरं तर प्रॉपला खलकृत्याच्या जागी नुसती ‘उणीव’ही चालते, आणि एकच पात्र दोन भूमिका निभावू शकतं. पण रिकामा रकाना दिसला की मुलांचा हात तो भरायलाच जातो. माझं मत तिथेच प्रॉपकडून तोदोरोवकडे फिरलं. विषय दशावतारी आख्यानाचा असेल, तर मात्र प्रॉप छान बसतो.

तोदोरोव घेतलात तर ३०० सेकंद साधारण असे वाटावेत: संतुलन ४०, बिघाड २०, जाणीव ४०, धडपड १५०, नवं संतुलन ५०. किनारा देखणा असल्यामुळे माड आणि सुरूच्या बनातच दीड मिनिट जातं. तिथे कात्री लावा. दुसरी चूक म्हणजे बिघाड आणि जाणीव एकाच शॉटमध्ये उरकणं. रिकामा खुंटा प्रेक्षकाला दिसलाय, आजोबा अजून चहा पिताहेत. ताण या मधल्या सेकंदांत आहे. मग दोराच्या टोकावरून फिरणारा अंगठा, क्लोजअपमध्ये. टोकाचे तंतू विस्कटलेले ठेवा. सरळ कापल्यासारखे दिसले, तर प्रेक्षक गुन्हेगार शोधत बसेल.

पहिली आणि शेवटची फ्रेम एकाच जागेवरून घ्या. ‘उद्या घेऊ’ म्हणू नका: भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पाणी जुळलं तर उजेड जुळत नाही. ट्रायपॉड न हलवता आधी होडीसह शॉट घ्या, होडी बाजूला करा, लगेच दुसरा घ्या. दुसऱ्यात खुंट्याला नव्या दोराचं वेटोळं अडकवा; नाहीतर तो नव्या संतुलनाऐवजी बिघाडाचाच शॉट वाटतो.