हिमालयन ४११ वर लांबच्या राईडसाठी घेतलेलं सामान: काही महिने वापरून झाल्यावर

साताऱ्याहून लेहला जायचं नक्की झालं तेव्हापासून सामान जमवायला सुरुवात केली, मग आख्खा पावसाळा ते सामान घेऊन केळघर, आंबेनळी, कुंभार्ली घाटात हिंडलो, सप्टेंबरमधे लेह झालं आणि त्यानंतर कोकणातही बरंच फिरणं झालं, त्यामुळे काय टिकलं आणि काय नुसतंच दिसायला होतं ते आता खात्रीने सांगता येतं. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, बीएस६, मागे बहुतेक वेळा बायको. माझं मत असं झालंय की पैसा आधी टायर, चेन आणि अंगावर घालायच्या वस्तूंवर घाला, जादाचे लाईट, उंच विंडशिल्ड आणि स्टिकर वगैरे नंतर उरले तर. बहुतेक जण बरोबर उलटं करतात आणि मला ते बघून खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात आधी चाकं. हिमालयनला पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची, दोन्ही स्पोकची, म्हणजे आत ट्यूब. ट्यूबलेसला बाहेरून रबराची दोरी खुपसून निघता येतं तसं इथे नाही, चाक काढा, टायर उचकटा, ट्यूब बदला. म्हणून आमच्या इथल्या पंक्चरवाल्या काकांकडे रविवारी जाऊन बसायचो, त्यांच्याच टॉमीने (टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने) माझंच चाक उघडायचो आणि ते बघून सांगायचे. त्यांनी शिकवलेल्या दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. एक, नवी ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरूनच घालायची नाहीतर टॉमीत चिमटून ती पण फाटते. दुसरी, शेवटची कड चढत नसेल तर जोर लावू नका, समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा, इकडची बाजू आपोआप ढिली पडते. लेहच्या वाटेवर मोरे प्लेन्स या उंचावरच्या पठाराच्या अलीकडे मागचं पंक्चर झालं तेव्हा हेच कामाला आलं. गाडीला मेन स्टँड कंपनीतूनच असतो त्यामुळे मागचं चाक काढायला दगड-धोंडे शोधावे लागत नाहीत, पण त्या उंचीवर दोन मिनिटं टॉमी लावली की धाप लागते, थांबत थांबत करावं लागतं, ते इथे सरावात कळत नाही.

बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर घेतलाय, महिन्यातून दोनदा तरी घरी वापरतो म्हणून तो चालू आहे याची खात्री असते. सोबत २१ ची आणि १७ ची अशा दोन्ही ट्यूब ठेवा. २१ ची तर हमखास, कारण छोट्या गावातल्या दुकानात १७-१८ ची मिळून जाते, २१ ची नाही. जागा एकाच ट्यूबची असेल तरी २१ चीच न्या, अडचणीत ती मागच्या चाकात दुमडून बसते आणि हळू हळू पुढच्या गावापर्यंत नेते.

चेनबद्दल लोक फार हलगर्जी करतात. ५०० किलोमीटरला साफ करून तेल, पाऊस लागला असेल तर त्याच दिवशी संध्याकाळी. ओ-रिंगची (सांध्यांत बारीक रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने धुवू नका, रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. स्प्रेचे महागडे डबे वापरून झाले, आता ९० नंबरचं गिअर ऑईल छोट्या बाटलीत नेतो आणि ब्रशने आतल्या बाजूने लावतो, मुक्कामाला पोचल्या पोचल्या, चेन कोमट असतानाच, म्हणजे रात्रभर मुरतं. थोडं उडतं, रिम काळं होतं, पण चेन सेट अजून मस्त आहे. अजून एक, नवी क्लच वायर जुन्या वायरच्या शेजारून ओढून झिप टायने बांधून ठेवलीय, तुटली तर दोन टोकं बदलायची आणि चालू.

आता सॅडल बॅग. सध्याची जोडी दुसरी, पहिल्या जोडीची चेन, म्हणजे झिप, आंबेनळीच्या पावसात अडकली आणि शिवणीतून पाणी आत, कंपनीचं नाव घेत नाही. नवी घेताना चेनवाली नकोच म्हटलं, तोंड गुंडाळून क्लिप लावायची घेतली आणि वरून घालायचं रेन कव्हर घरीच ठेवलं, कारण ८० च्या पुढे ते फडफडतं आणि फाटतं. आत प्रत्येकाच्या कपड्यांना वेगळी ड्राय बॅग. सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे तेव्हा रॅक लावल्याशिवाय त्या बाजूला कापडी बॅग टाकू नका, वितळते. आणि वजन, यावर मी कितीही वेळ बोलू शकतो! हत्यारं, ट्यूब, पाणी सगळं सॅडल बॅगमधे खाली आणि पुढच्या टोकाला, मागच्या टेल बॅगमधे फक्त हलकं, जॅकेटचं लायनर (आतलं सुटं अस्तर), स्लीपिंग बॅग असलं. टेल बॅग जड झाली की पुढचं चाक हलकं पडतं आणि घाटात वळणावर गाडी ऐकत नाही.

अंगावरचं. हेल्मेट आयएसआय आणि ईसीई २२.०६ ही सुरक्षेची दोन्ही प्रमाणपत्रं असलेलं, सोबत पिनलॉकची, म्हणजे वाफ न धरणारी, काच. पिनलॉकला लोक नको म्हणतात, पण महाबळेश्वरच्या धुक्यात काच उघडी टाकून पावसाचे थेंब डोळ्यात घेत चालवण्यापेक्षा ते पैसे कुठेच जास्त चांगले लागत नाहीत. जॅकेट जाळीचं घेतलंय, आपल्या उन्हाला तेच बरं, पण त्याच्या आतल्या पावसाळी लायनरवर विसंबू नका. लायनर आत असतं म्हणजे आपण कोरडे राहतो पण बाहेरचं जॅकेट चिंब होऊन जड होतं आणि वाऱ्याने ते सुकत असताना अंगातली सगळी ऊब ओढून घेतं. साताऱ्यात चालून जाईल, लेहच्या वाटेवरच्या बारालाचा ला खिंडीत नाही. सगळ्याच्या वरून घालायचा साधा दोन भागांचा रेनसूट आम्ही दोघांनी घेतला आणि तोच सगळ्यात जास्त वापरला गेला. बायकोचं म्हणणं की तिच्यासाठी सगळ्यात मोठा फरक सायकलवाल्यांच्या पॅडच्या चड्डीने पडला, रायडिंग पँटच्या आत घालायची, आणि मला ते शंभर टक्के पटलंय. इअरप्लगही घ्याच, दिवसभर कानात वारा घोंघावला की जो थकवा येतो तो संध्याकाळी कळतो.

मोबाईल माउंटला व्हायब्रेशन डॅम्पर हवाच. अॅपलने २०२१ मधे स्वतःच सांगितलंय की मोठ्या इंजिनाच्या बाईकच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, आणि ४११ ची थरथर काय असते ते चालवणाऱ्याला माहीत आहे. लडाखमधे बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, आमच्यातलं एक आधीच बदलून घेतलं. मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा. जाताना समृद्धीचा विचार डोक्यातून काढा, तिथे टू-व्हीलरला बंदी आहे, आम्ही नाशिक, धुळे, सेंधवा करून इंदूरला गेलो.

पेट्रोलचं गणित आधी घरी करा. टाकी १५ लिटरची, मनाली-लेह रस्त्यावरच्या टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी आहे, आणि दोघं अधिक सामान अधिक चढ म्हटल्यावर नेहमीचं अॅव्हरेज धरून चालत नाही. टाकीच्या दोन्ही बाजूंना जे लोखंडी गार्ड असतात त्यांना कॅन बांधता येतो, आम्ही ५ लिटरचा एकच नेला आणि तो पुरला. त्याच रस्त्यावर मुक्काम जिस्पाला करा, सर्चूला नाही. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर आहे, सर्चू ४,२०० च्या वर, आणि पहिल्याच रात्री तिथे झोपलात तर डोकं धरून बसाल. आम्ही निघायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं आणि लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीला हातच लावला नाही.

आता बदलायचे आहेत ते ग्लोव्हज. उन्हाळ्याचे छान आहेत, थंडीचे म्हणून घेतलेले इतके जाड निघाले की ब्रेक लिव्हरवर बोट कुठे आहे ते समजत नाही, म्हणून परतीत झोजिला खिंडीत बारीक लोकरीचे हातमोजे आत आणि उन्हाळ्याचे ग्लोव्हज वरून, त्यावर रबरी रेन कव्हर असं घालून उतरलो. हाच जुगाड पुढच्या वेळेसाठी ठेवणार आहे, फक्त उन्हाळ्याचे ग्लोव्हज एक नंबर मोठे घेईन.