बेडफर्डचा कटआऊट आणि उद्यमनगरातलं डायनॅमोचं दुकान

ज्या हिंदुस्तान बेडफर्ड ट्रकमधून वडिलांनी कोल्हापुरी गुळाचे रवे वाहिले, ती गाडी मी अजून चालू ठेवली आहे. भाडं मारत नाही, पण महिन्यातून दोनदा तरी रस्त्यावर काढतो. गेलं वर्षभर एकच दुखणं होतं. बॅटरी पुरती भरतच नव्हती. रात्री हेडलाईट पिवळे पडायचे, सकाळी स्टार्टर अर्ध्यात दम सोडायचा. बॅटरी नवी घातली, बेल्ट बदलला, बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचे ब्रश बदलले. शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या डायनॅमोवाल्या मामांकडे गेलो.

मामांनी डायनॅमोला हातही लावला नाही. आधी कटआऊटची पेटी उघडली. आपण सगळे तिला कटआऊट म्हणतो, पण माझ्या गाडीतल्या लुकास कंपनीच्या आरबी 106 पेटीत कॉईल दोन आहेत. एक खरा कटआऊट. इंजिन आयडलला असताना डायनॅमोचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडतो, तेव्हा बॅटरीचा करंट उलटा डायनॅमोत जाऊ नये म्हणून तो तोडतो. साधारण 13 व्होल्टला पुन्हा जोडतो. दुसरा रेग्युलेटर. गाडी पळायला लागली की डायनॅमोचा व्होल्टेज चढत जातो. ठरलेल्या आकड्याला कॉईल पत्रा ओढून घेते, पॉईंट (एकमेकांना टेकलेली संपर्काची टोकं) उघडतात आणि फील्डचा, म्हणजे डायनॅमोतल्या चुंबकाच्या कॉईलचा, करंट रेझिस्टन्समधून जायला लागतो. फील्ड मंदावलं की व्होल्टेज उतरतो, पॉईंट परत मिटतात. हे सेकंदाला कित्येक वेळा चालतं. कान लावला तर गुणगुण ऐकू येते.

मामांनी कटआऊटच्या पॉईंटमध्ये वहीच्या कागदाची पट्टी सरकवली, म्हणजे बॅटरी बाजूला झाली. मीटर डी (डायनॅमो) आणि ई (अर्थ) टर्मिनलला लावला, रेस हळूहळू वाढवायला सांगितली. काटा 14.2 व्होल्टवर थांबला. "मालक, हितंच घोळ हाय," म्हणाले.

आदल्या वर्षी हायवेवरच्या एका गॅरेजात मी हेच सेटिंग करून घेतलं होतं. बारा व्होल्टच्या गाडीला चौदाच्या वर नको, असं तिथं सांगितलं आणि मलाही ते पटलं. पण या पेटीत रेग्युलेटरच्या गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे असतात आणि गाडीचा करंट त्यांतून जातो. लोड वाढला की तेच वेढे व्होल्टेज खाली ओढतात, म्हणजे 22 अँपिअरच्या डायनॅमोवर ताण येत नाही. म्हणून लोड नसताना, म्हणजे बॅटरी बाजूला असताना, आकडा 20 अंश तापमानाला 16 ते 16.6 व्होल्ट हवा. आम्ही बिनलोडचाच आकडा 14.2 ला बांधून ठेवलेला. बॅटरी जोडल्यावर त्यातून उरणार काय?

स्क्रू फिरवायच्या आधी त्यांनी पेटी गार होऊ दिली. तापली की कॉईलचा रेझिस्टन्स वाढतो आणि आकडा फसवतो, म्हणून प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात मोजून इंजिन बंद. रेग्युलेटरचे पॉईंट बारीक दगडाने घासले. कटआऊटचे मात्र नुसत्या पॉलिश पेपरने, कारण ते मऊ असतात. मग दोन्ही स्पिरिटने पुसले. एवढी निगुती मी या धंद्यात फार कमी बघितली आहे. आमच्या वडिलांना हे काम दाखवायला हवं होतं.

मजुरी साडेसहाशे रुपये घेतली. काऊंटरवर आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली नवी पेटीही होती. मी विचारल्यावर म्हणाले, "हीच अजून धा वर्सं जाईल, कशाला पैसे घालवताय?" विकायला ठेवलेली वस्तू गरज नसताना गळ्यात न मारणारा माणूस मला तिथं भेटला.

तक्रार आहे ती वेळेची. सकाळी नऊची गाडी संध्याकाळी सहाला मिळाली, कारण मामा एकटेच हात घालतात आणि पोरांना नुसती रेस द्यायला लावतात. पेटीचं तडकलेलं झाकणही मिळालं नाही, ते मलाच शोधावं लागणार आहे.

आता स्टार्ट केल्याबरोबर अँपिअर मीटरचा काटा पंधराच्या आसपास जातो आणि शिरोली नाक्यापर्यंत दोन-तीनवर येऊन बसतो. परवा रात्री पन्हाळ्याहून उतरताना हेडलाईट पांढरेशुभ्र होते.