रिपल्शन (१९६५): भूत नाही, तरी रात्रभर लाइट चालू ठेवला

माझी फ्लॅटमेट दिवाळीला बारा दिवस घरी गेलेली आणि माझं वर्क फ्रॉम होम, म्हणजे कचरा न्यायला येणाऱ्या मावशी सोडल्या तर समोरासमोर कोणाशी बोलणं नाही, आणि त्यातल्या सातव्या का आठव्या रात्री मी रिपल्शन लावला. खूप दिवस यादीत होता. जुना आहे, ब्लॅक अँड व्हाइट आहे, फार काय घाबरवणार असं डोक्यात होतं. संपल्यावर पाणी प्यायला किचनमध्ये गेले तर टोपलीतल्या बटाट्यांना कोंब फुटलेले दिसले आणि मी खरंच दारातच थांबले. ज्यांनी पिक्चर बघितलाय त्यांना कळेल का ते.

स्टोरी दोन ओळींची आहे. कॅरोल म्हणून एक बेल्जियन मुलगी लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला मोठ्या बहिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, ब्युटी पार्लरमध्ये मॅनिक्युअर करते, कमी बोलते, पुरुषांच्या जवळ येण्याचीच तिला शिसारी आहे. बहीण तिच्या लग्न झालेल्या मित्राबरोबर इटलीला फिरायला जाते आणि कॅरोल घरात एकटी उरते. झालं. पुढचा सगळा पिक्चर म्हणजे त्या फ्लॅटमध्ये तिचं मन कसं कसं ढासळत जातं ते. (पुढे थोडे स्पॉयलर आहेत, ज्यांना कोरा बघायचाय त्यांनी बघून या आणि मग वाचा.)

कॅरोलचं काम कॅथरीन दनव्हनं केलंय, तेव्हा ती जेमतेम विशीची असेल, आणि तिला डायलॉग जवळजवळ नाहीतच. सगळं नजरेत आणि हातात. सतत नाकाजवळ काहीतरी झटकल्यासारखा हात नेते, नखं कुरतडते, अंगावर नसलेलं काहीतरी पुसत राहते. एक पोरगा तिच्या मागे असतो, कॉलिन, तसा वाईट नाहीये, तो गाडीत तिला किस करतो तर ती उतरून पळत सुटते आणि बिल्डिंगमध्ये शिरल्यावर तोंड पुसत राहते, पुसतच राहते. मला सगळ्यात जास्त लागला तो इस्त्रीचा सीन. बहिणीच्या मित्राचा बनियन ती शांतपणे इस्त्री करत बसलीये, व्यवस्थित, घरकाम करावं तसं, आणि मग आपल्या लक्षात येतं की इस्त्रीचा प्लग लावलेलाच नाहीये. एक आरडाओरडा नाही, म्युझिक नाही. पण तिथे मला कळलं की ही मुलगी आता आपल्या हाताला लागणार नाही.

आता तो ससा. बहिणीनं जेवणासाठी सोललेला ससा आणलेला असतो, पण त्या दिवशी तिचा मित्र तिला बाहेर जेवायला नेतो म्हणून तो फ्रीजमध्येच राहतो. नंतर कॅरोल तो बाहेर काढते आणि प्लेट तशीच ठेवून देते. बस. मग दर थोड्या वेळानं कॅमेरा त्या प्लेटवर जातो आणि तो ससा अजून तिथेच असतो, आणखी थोडा खराब झालेला, माश्या घोंघावतायत. ओट्यावरचे बटाटेही तसेच, सुकतायत आणि कोंब लांब लांब होतायत. किती दिवस गेले हे कुठेच लिहून दाखवलेलं नाही, कॅलेंडरची पानं उडत नाहीत, आपण सशावरून आणि बटाट्यांवरून मोजायचे. घरातलं उरलंसुरलं अन्न घड्याळ म्हणून वापरायची ही आयडिया इतकी साधी आणि इतकी भयंकर आहे, कारण जो माणूस एकटा राहिलाय आणि थोडासा खचलाय त्याला माहितीये की पहिल्यांदा किचनच हातातून सुटतं. भांडी साचतात, भाजी सडते, आणि आपल्याला ते दिसत असतं पण उठवत नाही.

आणि आवाज! हेडफोन लावून बघा, प्लीज. घड्याळाची टिकटिक, गळणारा नळ, जिन्यातली पावलं, लिफ्टचा आवाज, समोर नन्सचा मठ आहे तिथली घंटा. रात्री तिला भास होतो की कोणीतरी खोलीत येऊन तिच्यावर जबरदस्ती करतंय, आणि त्या सीन्समध्ये किंकाळी ऐकूच येत नाही, तिचं तोंड उघडलेलं दिसतं आणि ऐकू येते फक्त टिकटिक. मी बरेच हॉरर बघते, पण आवाज काढून घेऊन असं घाबरवलेलं क्वचितच बघितलंय. हल्लीच्या पिक्चरमध्ये दर दहा मिनिटांनी धाडकन काहीतरी वाजवतात, त्यानं दचकायला होतं, भीती नाही वाटत. इथे नुसतं भिंतीला तडा जातो आणि पोटात गोळा येतो. आधी किचनच्या भिंतीत बारीकशी भेग असते, मग कॅरोल रस्त्यात फुटपाथवरच्या भेगेकडे टक लावून बघत बसते, मग घरातल्या भिंती धाडकन फाटायला लागतात, एके ठिकाणी भिंत मातीसारखी मऊ होते आणि तिच्या हाताचा ठसा उमटतो, आणि मग पॅसेजमध्ये भिंतींतून हात बाहेर येतात. कॅमेरामन गिल्बर्ट टेलर, त्यानं वाइड अँगल लेन्स वापरल्यात आणि सेटच्या भिंती सरकवून खोल्या मोठ्या केल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीला बरा वाटणारा फ्लॅट शेवटी शेवटी लांबलचक होत जातो, बाथरूम तर हॉलएवढं. आपल्याला नक्की काय बदललं ते सांगता येत नाही पण घर अनोळखी वाटायला लागतं.

पण मला या पिक्चरबद्दल जे मनापासून सांगायचंय ते वेगळंच आहे. कॅरोल एकटी पडते ती बहीण गेल्यावर नाही हो, ती आधीपासूनच एकटी आहे, भर पार्लरमध्ये, चार बायकांच्या मध्ये. कस्टमरचं बोट कापते तोवर कोणाचं लक्षच जात नाही. बॉस विचारते तेव्हा ओरडायच्या सुरात. बहिणीला वाटतं ही जरा हळवी आहे एवढंच. हिला डॉक्टरला दाखवायला पाहिजे असं पूर्ण पिक्चरमध्ये जो एकच माणूस म्हणतो तो म्हणजे बहिणीचा तो मित्र, ज्याचा टूथब्रश आपल्या ग्लासात बघूनसुद्धा कॅरोलला किळस येते, आणि त्याचं म्हणणंही तिथल्या तिथे उडवून लावतात. घरमालक भाडं मागायला येतो, घराची ती अवस्था बघतो, ती नाइटीत बसलीये, नजर कुठेतरीच, आणि त्याला त्यात फक्त संधी दिसते. सगळ्यांना ती दिसते सुंदर, लाजाळू, थोडी शिष्ट. आजारी कोणालाच दिसत नाही. पार्लरमधली मैत्रीण एकदा तिला चार्ली चॅप्लिनच्या पिक्चरची गंमत सांगते आणि कॅरोल खळखळून हसते, पूर्ण पिक्चरमध्ये तेवढंच. तो अर्धा मिनिट बघून मला इतकं वाईट वाटलं, कारण कळतं की अजून ही परत येऊ शकली असती, कोणीतरी रोज नुसतं बोललं असतं तरी.

आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलला एक मुलगी होती, ती हळूहळू मेसला यायची बंद झाली, मग लेक्चरला, आणि आम्ही सगळ्या म्हणायचो तिला भाव खायची सवय आहे. सेमिस्टरच्या मध्येच तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. आमच्या दोघींच्या रूम्सच्या मध्ये एक भिंत होती फक्त. हा पिक्चर बघताना ती मला सारखी आठवत होती.

एक गोष्ट बोलायलाच हवी. दिग्दर्शक रोमन पोलान्स्की. त्याचा हा पहिला इंग्लिश पिक्चर, बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलला सिल्व्हर बेअर हा पुरस्कार मिळाला. आणि याच माणसानं १९७७ मध्ये अमेरिकेत एका १३ वर्षांच्या मुलीच्या बाबतीतला गुन्हा कोर्टात कबूल केला आणि शिक्षा सुनावायच्या आधी १९७८ मध्ये देश सोडून पळाला. बाईच्या मनातली पुरुषांबद्दलची भीती ज्याला पडद्यावर इतकी कळते त्यानं हे करावं, याचा मला राग येतो आणि तो राग मला जाऊ द्यायचा नाहीये. कोणी या कारणासाठी बघणार नसेल तर त्यांचं बरोबरच आहे. मी बघितला तो दनव्हसाठी आणि कॅरोलसाठी.

शेवटाबद्दल दोन मतं आहेत. कॅमेरा एका फॅमिली फोटोवर जातो, लहानपणीची कॅरोल बाकीच्यांपासून नजर वळवून बघतेय, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो, जिथून पिक्चर सुरू झाला होता तिथेच. काही जण म्हणतात की लहानपणी घरात काहीतरी झालं होतं हेच त्यात सांगितलंय. मला तसं ठामपणे म्हणावंसं नाही वाटत, फोटोत फक्त इतकंच दिसतं की ती तेव्हाही अशीच होती आणि तेव्हाही शेजारी बसलेले लोक कॅमेऱ्याकडे बघत होते.

कमी आहे का काही? आहे. पहिला पाऊण तास संथ आहे, कॉलिन आणि त्याच्या पबमधल्या मित्रांचे सीन कंटाळवाणे वाटतात (ते मित्र बायकांबद्दल जे बोलतात ते मुद्दाम आहे, कळतं, तरी लांबलंय). चिको हॅमिल्टनचं जॅझ म्युझिक काही ठिकाणी जरा जास्तच दणदणतं.

पाचपैकी साडेचार देईन. साधारण पावणेदोन तासांचा आहे, सबटायटल लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पण सध्या तुमचं स्वतःचं डोकं ठिकाणावर नसेल, झोप लागत नसेल, किंवा जबरदस्तीचे सीन बघवत नसतील तर आत्ता नका बघू, पिक्चर कुठे पळून जात नाही. आणि बघणारच असाल तर कोणालातरी शेजारी बसवून बघा. मी फ्लॅटमेटला रात्री साडेबाराला फोन केला, तिनं उचलला, आणि आम्ही दीड वाजेपर्यंत तिच्या घरच्या चकल्या या वर्षी का मऊ पडल्या यावर बोललो.