भीमाकाठची भटकंती : कुंभारगावचे रोहित, पळसदेवचे शिखर आणि पेडगावचा किल्ला

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकले की डाव्या हाताला उसाच्या फडांपलीकडे उजनीचे पाणी दिसू लागते. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयाची साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असून त्यातला निम्म्याहून अधिक भाग मृतसाठ्यात, म्हणजे दरवाजांच्या पातळीखाली राहणाऱ्या पाण्यात मोडतो. इंदापूर, करमाळा, कर्जत आणि दौंड या अवर्षणप्रवण तालुक्यांमध्ये पसरलेल्या या फुगवट्याच्या काठी पक्षी, काळवीट, बुडालेले मंदिर आणि उद्ध्वस्त किल्ला असे सगळे काही आहे; मात्र हे सारे एका सहलीत गुंफून दाखवणारी व्यवस्था नाही. ज्याने त्याने आपापली गाडी घेऊन, विचारत विचारत फिरायचे. त्यामुळे इथला अनुभव कसा येईल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : जलाशयाची त्या दिवसाची पातळी आणि तुम्हाला मिळालेला नावाडी.

कुंभारगाव आणि डिकसळ या गावांतली मासेमारी करणारी कुटुंबे हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवायला नेतात. जाहिरातींतून ‘भिगवण पक्षी अभयारण्य’ असे नाव रूढ झाले असले, तरी तिकीटघर, कुंपण आणि कमान असे काही इथे अपेक्षू नये. पाणी तेच, त्यावरच जाळी, त्यावरच शेतीपंप आणि त्यावरच पक्षी. होडी आदल्या दिवशी फोनवर ठरवावी आणि दर होडीमागे आहे की माणशी, हे तेव्हाच स्पष्ट करून घ्यावे, कारण सुट्टीच्या दिवशी काठावर उभे राहून घासाघीस करण्यात सकाळचा सर्वांत चांगला अर्धा तास वाया जातो.

आम्हाला मिळालेला नावाडी पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ होता. इंजिन त्याने बरेच अलीकडे बंद केले आणि उथळ पाण्यात लांब बांबू रोवत होडी तिरकी पुढे नेली. थव्याच्या दिशेने सरळ गेलो तर पक्षी उठतात, बाजूने सरकत गेलो तर ते आपल्याला गुरांसारखे समजतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा प्रत्यय लगेच आला. मोठे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चाळीसेक पावलांवर उभे होते आणि त्यांचे खाणे निवांत चालले होते. हा पक्षी मान खाली घालून चोच उलटी करतो आणि पायांनी गाळ ढवळत, जिभेच्या हालचालीने पाणी आत ओढून चोचीच्या कडेच्या जाळीतून गाळून बाहेर टाकतो. शेवाळ आणि सूक्ष्म जीव तेवढे आत राहतात. हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या गाळण्याचा बुडबुड्यांसारखा आवाज प्रत्यक्ष ऐकणे वेगळे. जवळच पट्टकादंबांचा थवा काठच्या ओल्या गवतात चरत होता. हिमालय ओलांडून आलेल्या या हंसांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवायही दिसले. चित्रबलाक, चमचे, शराटी, थापटे, चक्रवाक, नदी सुरय अशी नावे नावाडी एकामागून एक सांगत गेला, आणि इंग्रजी नावेही त्याला तितकीच पाठ होती.

सगळेच नावाडी असे नसतात. आमच्या पुढे गेलेल्या एका होडीने इंजिन न थांबवता थेट थव्यात मुसंडी मारली, कारण होडीतल्या मंडळींना ‘उडतानाचा फोटो’ हवा होता. क्षणभर आकाश गुलाबी झाले, फोटोही निघाले असतील. पण लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्यांचे खाणे मोडले आणि नंतर तासभर तो थवा कोणाच्याच जवळ आला नाही. यात दोष एकट्या नावाड्याचा नाही. अशी मागणी गिऱ्हाईकच करते, आणि नकार देणाऱ्या नावाड्याला पुढच्या वेळी फोन करत नाही. होडी ठरवतानाच ‘पक्षी उठवायचे नाहीत’ एवढे एक वाक्य आपण सांगितले, तर बहुतेकांना ते मनापासून आवडते असे दिसले.

सुरक्षेबाबत मात्र भीड बाळगू नये. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू नये आणि दुपारनंतर वारा वाढला असेल तर फेरीचा आग्रह धरू नये. पाणी सपाट दिसले, तरी जलाशयाचा पसारा एवढा मोठा आहे की वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. मे २०२४ मध्ये याच जलाशयात कळाशी आणि कुगाव यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जण बुडाले होते.

जेवण कुंभारगावातल्या एका घरी सांगितले होते. तळलेली चिलापी, झणझणीत रस्सा, ज्वारीची भाकरी आणि कांदा, एवढाच बेत; पण मासा त्या पहाटेचा होता आणि रश्श्यात खोबऱ्याचे वाटण बेताचे असल्याने माशाची चव मसाल्याखाली दबली नव्हती. चिलापीला काटे कमी, त्यामुळे मुलांनाही ती सहज खाता येते. वाढणाऱ्या मावशींनी मात्र सांगितले की चिलापी वाढल्यापासून जुने गावठी मासे जाळ्यात फारसे येत नाहीत, आणि मरळ हवा असेल तर आधी कळवावे लागते. शाकाहारी मंडळींसाठी पिठले-भाकरी होती. ती चांगली होती, एवढेच म्हणता येईल.

तिथून महामार्गाने इंदापूरच्या दिशेने थोडे पुढे गेल्यावर पळसदेव लागते. धरणाच्या पाण्यात जुने गाव गेले आणि त्याबरोबर पळसनाथाचे प्राचीन मंदिरही. गाव उठून वर वसले. पाणी भरपूर असते तेव्हा काठावरून फक्त शिखराचे दर्शन घडते, आणि पाणी फार ओसरले की मंदिरापर्यंत चालत जाता येते. आमच्या वेळी पातळी मधली होती, म्हणून होडीने गेलो. वर्षानुवर्षे पाण्यात राहून काठाशी आलेल्या दगडावर पांढरट थर चढला आहे, वीरगळांवरचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरचे, घोडेस्वार झिजून नुसत्या आकृत्या उरल्या आहेत, आणि तरीही शिखराची चढती रचना डोळ्यांत भरते. निसरड्या दगडांवर मुलांना मोकळे सोडू नये. ‘पाण्यातले मंदिर’ म्हणून इथे केवळ सेल्फी काढून परतणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी निदान वीरगळांपाशी पाच मिनिटे थांबावे, असे सुचवावेसे वाटते.

दुसरा दिवस नदीच्या उत्तर तीरासाठी ठेवला, आणि या भटकंतीत सर्वाधिक समाधान त्यानेच दिले. सिद्धटेकला अहिल्यादेवी होळकरांनी बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा गणपती म्हणून ते ख्यात असल्याने तिथे गर्दीची आणि रांगेची सवय हवी. तिथून जवळच पेडगाव. ‘वेड पांघरून पेडगावला’ जाणाऱ्यांमुळे गावाचे नाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते, पण प्रत्यक्ष गावात आलेला माणूस विरळा. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याची इथे छावणी होती, म्हणून हा बहादूरगड. आता धर्मवीरगड म्हणून ओळखला जातो. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडले गेलेले छत्रपती संभाजी महाराज आणि कवी कलश यांना याच ठिकाणी औरंगजेबासमोर आणून त्यांची विटंबना करण्यात आली, आणि ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली. हा भाग पाहताना मोठ्याने बोलणारे गटही आपोआप आवाज उतरवतात.

पेडगावचे आश्चर्य मात्र या इतिहासाच्याही मागचे आहे. कोटाच्या आत यादवकालीन मंदिरांचा समूह असून त्यातले लक्ष्मीनारायणाचे मंदिर सर्वांत देखणे आहे. बाहेरच्या भिंतींवरील मूर्ती आणि आतले कोरीव खांब नीट पाहायचे तर सकाळचे तिरपे ऊन हवे, कारण भर दुपारी सारे कोरीवकाम सपाट भासते. नदीकाठी हत्तीच्या मोटेने पाणी वर चढवण्यासाठी उभारलेले बांधकाम आहे. तिथे उभे राहिले की एवढ्या मोठ्या छावणीला पाणी कसे पुरवले जात असेल, याचा उलगडा होतो. किल्ला भुईकोट असल्याने चढण नाही, वृद्धांनाही झेपेल. सावली फारशी नाही, पाणी सोबत न्यावे, आणि गवत माजलेले असताना पायांत बूट असावेत. शक्य असल्यास गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्यावे. आम्हाला भेटलेल्या आजोबांनी झुडपांतली दोन ठिकाणे दाखवली नसती, तर ती आमच्या नजरेतून सुटलीच असती.

परतीच्या वाटेवर राशीन आणि रेहेकुरी. राशीनच्या जगदंबेच्या हलत्या दीपमाळा अवश्य पाहाव्यात. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये जाहीर झाले असून त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा गवताळ माळावर काय दिसणार, ही शंका पहिल्या वळणावरच फिटली. पीळदार शिंगांचा काळाभोर नर, भोवती बदामी रंगाच्या माद्या आणि मागे बाभळी. उन्हे कलल्यावर जावे, गडद किंवा भडक कपडे टाळावेत. वाघाच्या जंगलासारखा थरार शोधणाऱ्याने इथे येऊ नये. माळरानाची नजर असलेल्याला दीड तास कमी पडतो.

आता वेळेविषयी. चांगल्या पावसाच्या वर्षी उजनी शंभर टक्के भरते, चिखलपट्टे पाण्याखाली राहतात आणि रोहित उशिरा येतात किंवा थोडेच थांबतात. अशा वर्षी जानेवारीअखेरपूर्वी जाण्यात फारसा अर्थ नाही. कमी पावसाच्या वर्षी ते डिसेंबरातच दिसू लागतात. पळसदेवचे मंदिर चालत जाऊन पाहायचे असेल तर एप्रिल-मे उजाडावा लागतो, पण तोवर पक्षी पांगलेले असतात आणि पेडगावचे ऊन सोसवत नाही. रोहित, मंदिर आणि किल्ला असे तिन्ही एका फेरीत साधायचे असेल तर फेब्रुवारीच्या उत्तरार्धातले कामाचे दिवस धरावेत, मंदिराला होडीनेच जावे लागेल हे गृहीत धरावे, आणि निघण्यापूर्वी नावाड्याला पाण्याची पातळी विचारावी. हवामानाच्या ॲपपेक्षा त्याचे उत्तर अधिक खात्रीचे असते.