ओव्हरक्लॉक केलेला पीसी, पुण्याचा उन्हाळा आणि क्रॅश होणारे गेम: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, घाईत असणाऱ्यांनी तेवढाच वाचला तरी चालेल. रायझन ५ ५६००एक्स, बी५५० मदरबोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स ३०६० असा माझा पीसी. हिवाळ्यात सगळंच ओव्हरक्लॉक केलं होतं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलं होतं. आता पावसाळा सरत आलाय. प्रोसेसर थोडा मागे घेतलाय, ग्राफिक्स कार्डाला जवळपास हात लावलेला नाही आणि रॅम मुकाट्याने ३२०० या किटवर लिहिलेल्या वेगावर आणून ठेवली आहे. गेम क्रॅश होणं थांबलंय.

सेटिंग काय होती ते सांगतो. पीबीओ (प्रोसेसरला आपोआप जास्त वेग घेऊ देणारी एएमडीची सोय) चालू आणि वर २०० मेगाहर्ट्झ, म्हणजे कागदावर ४.६ पण प्रत्यक्षात ४.६५ चा बूस्ट ४.८५ गिगाहर्ट्झपर्यंत. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सेटिंग) सगळ्या कोरना सरसकट उणे ३०. रॅमचं किट ३२०० चं, ते ३६०० वर आणि त्याच्या जोडीला इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा मार्ग) १८०० वर. हे सगळं जानेवारीतल्या थंडीत बसवलं. प्राइम९५ (प्रोसेसरची चाचणी) रात्रभर चाललं, मेमटेस्ट८६ (रॅमची चाचणी) मध्ये एकही एरर नाही.

मार्चअखेर क्रॅश सुरू झाले. सिंहगड रोडला सगळ्यात वरचा मजला, पश्चिमेची खोली. दुपारी चारला गच्ची तापलेली असते तेव्हा खोलीत बसवत नाही, तिथे कॅबिनेटचं काय होणार! बुधवार पेठेत एका दुकानदाराला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं: "साहेब, फॉरमॅट मारून घ्या, आणि रॅमला जरा खोडरबर घासा." खोडरबराचा उपाय अगदीच टाकाऊ नाही, पिनांवरची काजळी खरंच निघते. पण पीसी सुरूच होत नसेल तेव्हाचा तो इलाज. तासभर खेळल्यावर पडणाऱ्या गेमला त्याचा काय उपयोग?

माझ्या मते खरी गंमत इथे आहे: "गेम क्रॅश होतो" या एका तक्रारीखाली तीन वेगळे आजार असतात. गेम काही न बोलता डेस्कटॉपवर आणून टाकतो, तो एक. स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि मग गेम मरतो, तो दुसरा. आणि अख्खा पीसी ब्लू स्क्रीनसुद्धा न दाखवता रीस्टार्ट होतो, तो तिसरा. मला तिन्ही दिसत होते. म्हणून पहिलं काम केलं ते हे की काहीही बदलण्याआधी प्रत्येक वेळी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून त्या वेळेची नोंद बघायची.

तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसला की लोक लगेच एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला धावतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की विंडोज नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते तेव्हाही तीच नोंद पडते. बघायची असते ती तिच्या आसपासची डब्ल्यूएचईए-लॉगर १८ ची नोंद, म्हणजे विंडोजने पकडलेली हार्डवेअरची चूक. माझ्याकडे ती होती: कॅशे हायरार्की एरर (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतली चूक), आणि खाली प्रोसेसर एपिक आयडी, म्हणजे चूक कुठल्या थ्रेडवर झाली त्याचा क्रमांक. या प्रोसेसरमध्ये एका कोरचे दोन थ्रेड (कामाच्या दोन रांगा), त्यामुळे आयडी ४ किंवा ५ असेल तर शून्यापासून मोजून कोर क्रमांक २. दर वेळी तेच दोन कोर येत होते आणि एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात चांगले म्हणून खुणा केलेले कोरही तेच.

चांगलाच कोर का पडतो, याला कारण आहे. चांगल्या कोरला कारखान्यातूनच कमी व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं. त्यातून आणखी कापायला फारशी जागा उरत नाही. कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ३० ला नव्वद ते दीडशे मिलिव्होल्ट कापले जातात. शिवाय हलकी कामं विंडोज याच कोरकडे देतं आणि तेव्हाच ते ४.८५ ला पोचतात. प्राइम९५ मध्ये सगळे कोर एकदम राबतात, क्लॉक खाली येतो, आणि ही कसोटी लागतच नाही. म्हणून रात्रभराची चाचणी पास, पण गेमच्या लोडिंग स्क्रीनवर किंवा नुसता मेनू उघडा ठेवून चहा करायला गेलो की रीस्टार्ट.

यासाठी कोअरसायकलर वापरा. फुकट आहे, एका वेळी एकाच कोरला राबवतं. त्याच्या आधाराने ते दोन कोर उणे १० च्या आसपास आणले, बाकीचे उणे २० ते २५ वर ठेवले आणि वरचे २०० मेगाहर्ट्झ काढले. रीस्टार्ट बंद. पीबीओ वॉरंटीत बसत नाही, हेही जाता जाता लक्षात असू द्या.

गेममधून डेस्कटॉपवर फेकलं जाणं मात्र चालूच राहिलं, आणि ते शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. इथे धागा सापडला तो स्टीमवर (जिथून गेम विकत घेऊन उतरवतात ते ॲप). गेमच्या फाइल तपासायला सांगितल्या की एकदा काही फाइल खराब निघायच्या, दुरुस्त करून पुन्हा तपासलं की दुसऱ्याच! एसएसडी ठीक असताना असं होत असेल तर रॅमवर संशय घ्या. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, कॅबिनेट गार असतं. गेममध्ये हेच कार्ड १७० वॅटची उष्णता कॅबिनेटमध्ये सोडतं. रॅम तापली की तिच्या पेशींमधला चार्ज लवकर गळतो आणि ताणून बसवलेलं टायमिंग अपुरं पडतं. दुपारी, कार्डावर लोड टाकून, विंडोजमध्येच टेस्टमेम५ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा एरर दिसू लागले. ३२०० च्या एक्सएमपीवर (रॅम कंपनीने किटमध्ये भरून दिलेली तयार सेटिंग), १.३५ व्होल्टला, त्याच दुपारी एकही नाही. (एक्सएमपी हेही खरं तर ओव्हरक्लॉकिंगच, डीडीआर४ चं मूळ व्होल्टेज १.२ आहे. माझ्या किटला ते झेपतं इतकंच.) रॅम स्थिर झाल्यावर एसएफसी स्कॅन (विंडोजच्या स्वतःच्या फाइलची तपासणी) आणि गेमच्या फाइलची तपासणी दोन्ही पुन्हा करा, कारण आधी बिघडलेल्या फाइल आपोआप नीट होत नाहीत.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात. काळी स्क्रीन येते तेव्हा कार्डाने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करतं. ही मुदत मुळात २ सेकंदांची असते. आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या कोरचा ऑफसेट (वाढवलेला वेग) थोडा कमी केला, तेवढ्यावर भागलं.

इंटेलवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही असेच वागत होते. शेडर (गेमचं चित्र काढणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना "व्हिडिओ मेमरी संपली" असा संदेश यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्डाला दोष द्यायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसमधून येते) आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली. तुमचं बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) त्याआधीचं असेल तर बाकी काही करण्याआधी ते बदला.

एवढं करून फायदा काय, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो: ३६०० वरून ३२०० वर आल्यावर गेममध्ये डोळ्यांना काही कळलं नाही, कोपऱ्यात एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा) आकडा लावला तरच कळतं. कर्व्ह ऑप्टिमायझर मात्र मी कोणालाही सुचवेन, पण कोरनिहाय आणि धीराने. पुण्यात राहत असाल तर शेवटची चाचणी एप्रिल-मेमध्ये, दुपारी, एसी बंद ठेवून घ्या.

बायोस अपडेट केलं की ही सगळी सेटिंग बहुधा पुसली जातात, आणि कर्व्हचे सहा वेगवेगळे आकडे लक्षात राहत नाहीत. बायोसमधल्या त्या पानाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा.