२६ लीटरचा आइस बॉक्स, दहा महिने आणि एक बूच

वायसर दबला. दहा महिन्यांत या पेटीचं दुसरं काहीच बिघडलं नाही. कडी शाबूत, बिजागरी शाबूत, हँडल शाबूत. पण तळाशी पाणी काढायला जे बूच दिलंय, त्याचा रबरी वायसर चपटा झाला आणि इंदूरहून पुण्याला निघालेल्या पेटीने सेंधवा येईपर्यंत मागच्या सीटखाली तांब्याभर पाणी सोडलं. नुसतं पाणी असतं तर पुसून मोकळं. त्यात शिकंजीचा ओघळ होता. इंदुरी शिकंजी म्हणजे लिंबूपाणी नव्हे; आटीव दूध, मठ्ठा, सुकामेवा. मॅटमध्ये मुरली की चार वेळा धुऊनही वास हटत नाही.

किंमत, रंग, लीटर हे सगळं विक्रीच्या पानावर आहेच. तिथे नाही ते लिहितो.

बुचाची रचना साधी आहे: प्लॅस्टिकचा आटा, त्यावर मऊ रबराचं कडं. तूप आणि तेल लागलं की असं रबर फुगतं, उन्हात कडक होतं, आणि गळतंय म्हणून आपण बूच आणखी आवळलं की एका बाजूला दबून कायमचं चपटं होतं. म्हणजे आवळणं हाच मुख्य गुन्हा. हाताने लागेल तेवढंच लावायचं, वर पाव वळसा. पक्कड लावली की आटा गेलाच.

कंपनीच्या सेवा केंद्राचं म्हणणं असं: वॉरंटी एक वर्षाची, पण ‘रबरी भाग वगळून’. बूच सुटं मिळत नाही, खालची पूर्ण बॉडी बदलावी लागेल आणि बॉडीची किंमत जवळपास नव्या पेटीइतकी. तीनदा फोटो मागवले. तिन्ही वेळा तेच बूच, तेच कडं. पाच-दहा रुपयांच्या रबरासाठी आख्खी पेटी बदला म्हणणाऱ्याला इंदूरच्या सियागंज बाजारात कोणी उभं करणार नाही.

उपाय सियागंजातच आहे. बूच सोबत घेऊन जायचं (माप सांगून चुकीचंच मिळतं) आणि अर्ध्या इंची नळाचे चपटे वायसर दोन-तीन लावून बघायचे. कंपनीच्या कड्यापेक्षा किंचित जाड घ्यायचा. शिवाय आट्यावर प्लंबरची पांढरी टेप, बूच ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने, चार-पाच वेढे. उलट गुंडाळली तर आवळताना सुटून गोळा होते. हे केल्यापासून थेंब नाही.

आता मत बदलल्याचं सांगतो. पहिले चार महिने मी याच बुचाचं कौतुक करत होतो: दर दोन तासांनी थांबा, पाणी काढा, बर्फ टिकतो. हे साफ चूक आहे. वितळलेलं पाणी शून्य अंशाच्या जवळ असतं; ते बर्फाच्या फटीत राहिलं तर गारवा धरून ठेवतं. काढून टाकलं की त्या जागी गरम हवा शिरते आणि उरलेला बर्फ लवकर संपतो. डबे पाण्यात बुडायला लागले तरच थोडं काढायचं. म्हणजे ज्या भोकासाठी एवढी भांडणं, ते प्रवासात उघडायचंच नाही.

मग पुढची पायरी आपोआप सुचते: सुटा बर्फ घ्यायचाच कशाला? एक लीटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या ९०० मिलीपर्यंत भरायच्या (गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, काठोकाठ भरली तर बाटली तडकते), आडव्या, एकमेकींना न चिकटवता फ्रीजरमध्ये ठेवायच्या. एका रात्रीत मधला भाग पाणीच राहतो. घरच्या फ्रीजरला पूर्ण दिवस द्या. चार बाटल्या म्हणजे साडेतीन किलोच्या वर बर्फ. पेटीत पाणी नाही, बाजारच्या लादीचा घाणेरडा बर्फ खाण्याला लागायची भीती नाही, आणि धुळ्यापुढे तेच पाणी प्यायला. बर्फाचा खर्च शून्य. विकतचे जेल पॅक याहून काही जास्त करत नाहीत.

हिशोब कळला तर भरताना चुका होत नाहीत. किलोभर बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता खातो. किलोभर दुधाचा पदार्थ ३० अंशांवरून ५ वर आणायला १०० च्या आसपास लागते. म्हणजे इंदूरच्या सराफ्यातून आणलेली तीन किलो कोमट रबडी एक पूर्ण बाटली नुसती स्वतःला गार करण्यात संपवणार, टिकवायला उरणार काय? ही पेटी गार ठेवते, गार करत नाही. सराफ्यातली खाण्याची दुकानं सोन्याची दुकानं मिटल्यावर रात्री लागतात, आपण निघतो पहाटे. मधल्या वेळात सगळं घरच्या फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. दुकानात कढईतली नाही, फ्रिजमधली मागायची. पेटीसुद्धा आदल्या रात्री एक गोठलेली बाटली टाकून बंद ठेवायची, नाहीतर दिवसभर तापलेल्या तिच्या भिंतीच पहिला बर्फ खातात.

रचताना दोन बाटल्या तळाशी, त्यावर घडी केलेला पंचा, मग स्टीलचे बसके डबे, वर उरलेल्या दोन बाटल्या. गार हवा खाली बसते, म्हणून वरच्या बाटल्या जास्त कामाच्या. पंचा नसेल तर दही बाटलीला टेकून गोठतं आणि नंतर फुटून पाणी सोडतं. श्रीखंडाला तेवढा त्रास होत नाही. दुकानाचे पातळ प्लॅस्टिकचे डबे घेऊ नका. मानपूरच्या उतारावर त्यांची झाकणं उघडतात, आणि शिकंजीचं जे झालं ते तिथूनच झालं.

आता आत काय घालायचं नाही, कारण इथेच लोक पैसे वाया घालवतात.

शेव नाही. गार झालेलं पाकीट पावसाळ्यात पुण्याला उघडलं की हवेतलं बाष्प त्यावर जमतं, लवंग शेव असो की रतलामी, मऊ पडते. जिलेबी नाही, कचोरी नाही; कचोरी कागदात, हवा लागेल अशी. गराडू नाही. तो आपल्या कोनफळाचाच भाऊ, कच्चा घेतला तर गोणपाटात मजेत राहतो. (चिरताना हाताला तेल लावा, खाज सुटते. जीरावन मात्र इथूनच न्या, तिकडे मिळतं ते नुसतं चाट मसाला.) मांडूच्या रस्त्यावर विकतात ती खुरासानी इमली, म्हणजे गोरखचिंच, तिला फक्त कोरडी जागा हवी.

सीताफळ अजिबात नाही. दिवाळीच्या सुमारास मांडू-धारकडून परतताना टोपली घेतली की गाडीतल्या पेटीची आठवण होतेच. कच्चं सीताफळ गारठ्यात पिकत नाही, साल काळी पडते, गर घट्ट राहतो. केळ्याचंही तेच, साधारण १३ अंशांच्या खाली नेऊ नये; बुऱ्हाणपूरची असोत की जळगावची. हिवाळ्यात खान्देशातून भरताची हिरवी वांगी आणली तर तीसुद्धा बाहेरच.

उलट कणीस आत. पावसाळ्यात महूजवळच्या जाम गेटच्या बाजूला शेतावरची कोवळी कणसं मिळतात. तोडल्यापासून दाण्यातली साखर स्टार्च व्हायला लागते, आणि उकाड्यात भराभर. सालीसकट, मिश्या न काढता, थेट बाटल्यांवर. संध्याकाळी कीस केला तर फरक जिभेला कळतो. या एका कामासाठी पेटीला पूर्ण गुण. परतीच्या वाटेवर नाशिककडची द्राक्षंही आत: न धुता, वर्तमानपत्रात गुंडाळून, बाटलीला न टेकवता.

तयार भुट्ट्याचा कीस नेणं जोखमीचं, त्यात दूध असतं. ५ ते ६० अंशांच्या मध्ये असा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, बाहेर ३२ च्या वर असेल तर एकच तास. न्यायचाच तर पसरट ताटात निववून रात्रभर फ्रिज, मग पेटी. दहीवड्याचे वडे वेगळे, दही वेगळं.

या पद्धतीने पहाटे सहाला भरलेली पेटी, झाकण दोनदाच उघडून, संध्याकाळी पाचला आतून ७ अंश दाखवत होती. एप्रिलचा दिवस, एसी चालू. ७ म्हणजे पाचच्या वर, म्हणून श्रीखंड पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये. याला दोषी झाकण. बोटाने वाजवा, पोकळ आहे; भिंतीत फोम आहे, झाकणात नाही. खरं तर बुचापेक्षा ही चूक मोठी, पण इलाज सोपा: एक इंची थर्माकोल मापाने कापून आतून बसवायचा, वरून गोधडीची घडी.

पेटी डिकीत ठेवू नका, एसीची हवा तिथे पोचत नाही. मागच्या सीटच्या पायाशी, आणि बुचाची बाजू घडीच्या टॉवेलने दोन बोटं उंच, म्हणजे आत काही सांडलंच तर ते दुसऱ्या टोकाला जमतं. खासगी स्लीपर बसच्या सामानाच्या कप्प्यात ही काळजी घेता येत नाही. बसने जाणाऱ्यांनी लहान पिशवीवाला प्रकार घ्यावा.

दुसऱ्यांदा घेईन का? घेईन, पण बूच नसलेली मिळाली तर आधी ती. धुताना उलटी केली की पाणी जातंच.

हे लिहीपर्यंत सेवा केंद्राकडून पाकीट आलं. आत मूळ कडं, दोन नग, फुकट. दोन्ही आधीच्याइतकीच मऊ. सियागंजचा वायसर काढलेला नाही.