सीओटूपासून इंधन: रेनियम, मँगनीज की लोखंड?

पीएचडीला सौर इंधन, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर सीओटूपासून इंधन बनवणं, हा विषय घेतलाय आणि कॅटलिस्ट (उत्प्रेरक) कुठला धरायचा यावर गाडी अडलीय, असं असेल तर हे वाचा. सीओटूला नुसता एक इलेक्ट्रॉन द्यायला गेलं तर साधारण -1.9 व्होल्ट लागतात, कारण सरळ असलेला रेणू वाकवावा लागतो, पण दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन मिळून दिले की पीएच 7 ला -0.53 व्होल्टलाच कार्बन मोनॉक्साइड होतो. मधला तो चढ चुकवायला कॅटलिस्ट.

रेनियम बायपिरिडिन, म्हणजे बायपिरिडिन हा सेंद्रिय रेणू रेनियमला बांधलेलं संयुग, तिघांत सगळ्यात जुनं, 1983 पासूनचं, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जाँ-मारी लेन यांच्या ग्रुपचं. एकच रेणू प्रकाशही घेतो आणि कामही करतो, शिवाय हायड्रोजन फारसा न करता जवळपास सगळा कार्बन मोनॉक्साइडच देतो, त्यामुळे मेकॅनिझम शिकायला याच्यासारखं दुसरं नाही. पण धातू फार दुर्मिळ, आणि दिसणाऱ्या प्रकाशातला जेमतेम निळा भाग शोषतो.

त्याच धर्तीचं मँगनीजचं संयुग 2011 ला आलं, धातू स्वस्त, पण दोन रेणू एकमेकांना चिकटून डायमर होतो. अमेरिकेत सॅन डिएगोच्या कुबियाक यांच्या ग्रुपने बायपिरिडिनवर मेसिटिल नावाचे जाडजूड गट लावून ते थांबवलं. बाहेरून प्रोटॉन द्यावेच लागतात, आणि उजेडात हा रेणू मोडतो, म्हणजे सूर्यप्रकाशासाठी बनवायचं आणि उजेडापासूनच जपायचं.

माझं मत लोखंडाला. पॅरिसमध्ये साव्हेआँ, कॉस्तँताँ, रोबेर यांनी 2012 मध्ये लोखंडाच्या पॉर्फिरिनच्या (मधोमध धातू धरणारं मोठं कडं) कडेच्या फिनाइल रिंगवर ओएच गट बसवले, म्हणजे प्रोटॉन बाहेरून शोधत बसायला नको, धातूच्या अगदी शेजारी तयारच, आणि 90 टक्क्यांच्या वर करंट कार्बन मोनॉक्साइडमध्ये गेला. डिझाइन म्हणतात ते हेच, धातू तोच ठेवून त्याचा शेजार बदलायचा. मग 2017 ला धन प्रभाराचे गट लावलेल्या लोखंडाच्याच पॉर्फिरिनने दिसणाऱ्या प्रकाशात मिथेनपर्यंत मजल मारली, म्हणजे आठ इलेक्ट्रॉन! मला ते अजूनही भारी वाटतं. पण नीट बघा, प्रकाश घ्यायला तिथे इरिडियम या महागड्या धातूचा सेन्सिटायझर (प्रकाश शोषून देणारा वेगळा रेणू) होता आणि इलेक्ट्रॉन पुरवायला ट्रायइथिलअमाइन, जे वापरलं जाऊन संपतं. स्वस्त कॅटलिस्ट म्हणजे स्वस्त सिस्टिम असं धरून चालू नका, खरं काम अजून तिथेच बाकी आहे आणि नव्या माणसाला जागाही तिथेच आहे.

लेझर आणि स्पेक्ट्रोस्कोपीची ओढ असेल तर रेनियम घ्या, पश्चात्ताप होणार नाही. सिंथेसिस आवडत असेल तर लोखंड. मँगनीज मी तरी पहिला प्रोजेक्ट म्हणून सुचवणार नाही.

आणि काहीही निवडा, कार्बन-13 च्या सीओटूचा कंट्रोल पहिल्या काही महिन्यांतच करून टाका, म्हणजे जड कार्बनचा सीओटू देऊन तोच कार्बन कार्बन मोनॉक्साइडमध्ये उतरतो का ते बघा. रेनियम, मँगनीजच्या अंगावर आधीच तीन-तीन कार्बोनिल, म्हणजे धातूला बांधलेले कार्बन मोनॉक्साइड, असतात, रेणू मोडला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि जीसीवरचा (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू ओळखायचं यंत्र) तो पीक बघून आपल्याला वाटतं कॅटलिसिस झालं.